साखर चिकटवणारे कारागीर: तोंडाचा कर्करोग मानेपर्यंत पोचतो कसा?

ताज्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना मध्ये येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' आणि माझ्या घराखालच्या भाजीवाल्याची आरोळी काढून टाकली आहे. बाकी जवळपास जसं बोललो तसंच आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट क्लिअर करतो. मी डॉक्टर नाही. बीटेक झालोय, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहितो. बायोलॉजी बारावीनंतर सुटली ती सुटलीच होती. पण तीन वर्षांपूर्वी घरात एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी अशा एका विषयात जाऊन पडलो, ज्याचं नावसुद्धा मला आधी उच्चारता येत नव्हतं: ग्लायकोसिलट्रान्सफरेज. साध्या भाषेत, साखर चिकटवणारी एन्झाइम्स. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणायचे, आठवत असेल.

मामीचा प्रश्न

माझ्या मामांचं साताऱ्याकडे वेल्डिंगचं दुकान आहे. कामाची सवय तशी तंबाखूची सवय. पुडी काढायची, नखाने चुना घ्यायचा, मळायचं, थापटायचं आणि डाव्या गालात बार ठेवून द्यायचा. लहानपणी ती पुडी टपरीवरून आणून देणारा मीच होतो. उरलेल्या सुट्ट्या पैशांच्या गोळ्या माझ्या.

एका दिवाळीला मामा ठेचा खाईनात. तोंडाची आग होते म्हणाले. सगळ्यांनी ठरवलं, उष्णता झाली. गुलकंद झाला, जिऱ्याचं पाणी झालं, कुणी तुरटीच्या गुळण्या सांगितल्या. यात चार महिने गेले. शेवटी बायोप्सी केली आणि रिपोर्टवर 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' लिहून आलं. गाठ दीडेक सेंटिमीटरची, गालाच्या आत.

ऑपरेशन झालं. मामा बाहेर आले तेव्हा टाके कानाच्या मागून थेट मानेपर्यंत गेलेले. मामीने ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, रोग गालात होता ना? मग मान कशाला कापली? स्कॅनमध्ये तर मानेत काही नव्हतं."

मला उत्तर देता आलं नाही. आठवड्याने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. मानेतून काढलेल्या लसिकागाठींपैकी दोनमध्ये कर्करोगाच्या पेशी होत्या. स्कॅनमध्ये न दिसलेल्या.

तर आजचा एपिसोड म्हणजे मामीच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर. गालातली पेशी गालातच का राहत नाही? ती उठून मानेपर्यंत जाते कशी?

पेशीवरचा काटेरी हलवा

संक्रांतीचा हलवा करताना पाहिलाय? परातीत तीळ किंवा खसखस, खाली मंद आच, आणि साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडत हाताने हलवत राहायचं. घाई केली तर काटा येत नाही. आच जास्त झाली तर सगळा गोळा होतो. आत तीळ तोच असतो, पण हाताला लागतो तो काटा.

आपल्या पेशींचंही असंच आहे. पेशीच्या पृष्ठभागावर जी प्रथिनं असतात, त्यातल्या बहुतेकांवर साखरेच्या छोट्या-मोठ्या साखळ्या असतात. कुठे सरळ, कुठे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. दुसरी पेशी, एखादा विषाणू किंवा रोगप्रतिकार यंत्रणेतली पेशी जवळ आली की तिला आधी भेटतो तो हा साखरेचा थर.

हा थर चढवणारे कारागीर म्हणजे ग्लायकोसिलट्रान्सफरेज. माणसात यांची सुमारे २०० जनुकं आहेत. प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक फक्त फ्यूकोज लावतो, एक फक्त सायलिक ॲसिड, एक गॅलॅक्टोज. आणि नुसती कोणती साखर एवढंच नाही, तर ती आधीच्या साखरेच्या कोणत्या कोपऱ्याला जोडायची हेसुद्धा ठरलेलं.

आता माझ्यातल्या इंजिनिअरला पटकन कळलेली गोष्ट सांगतो. प्रथिन कसं बनवायचं हे डीएनएमध्ये अक्षरशः लिहिलेलं असतं. अमुकनंतर तमुक अमिनो ॲसिड. साखरेच्या साखळीचा असा आराखडा डीएनएमध्ये कुठेच लिहिलेला नाही! साखळी कशी होईल हे त्या वेळी कोणते कारागीर हजर आहेत, किती आहेत, कच्चा माल किती आहे आणि कोण आधी पोचलं यावर ठरतं. त्यामुळे प्रथिनाच्या जनुकात एकही चूक नसताना, नुसते कारागीर कमी-जास्त झाले तरी त्या प्रथिनाचं वागणं बदलू शकतं. कोड तोच, पण बिल्डनंतरची स्क्रिप्ट बदलली. ज्यांनी प्रॉडक्शनमध्ये असला बग शोधलाय, त्यांना माझं दुःख कळेल.

रक्तगट: एका अक्षराची चूक

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर तुमचा रक्तगट आठवा. ए, बी, ओ हा सगळा साखरेचाच मामला आहे. ए गटाच्या माणसात एक एन्झाइम साखळीच्या टोकाला एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामाइन नावाची साखर लावतं. बी गटात जवळजवळ तेच एन्झाइम, फक्त चार अमिनो ॲसिडचा फरक, आणि ते लावतं गॅलॅक्टोज. ओ गटात काय होतं? सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं. त्यामुळे पुढचं सगळं वाचन सरकतं आणि एन्झाइम कामाचं राहत नाही. साखळीचं टोक मोकळं राहतं. हे १९९० मध्ये उलगडलं.

आता महत्त्वाची गोष्ट. या ए-बी साखरा फक्त रक्तात नसतात. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींवरही असतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला डॅबेलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. त्यात दिसलं की तोंडाच्या कर्करोगात पेशींवरची ए किंवा बी साखर बऱ्याचदा नाहीशी होते. कधी त्या जनुकाची एक प्रत हरवते, तर कधी जनुक जागेवर असतं पण त्याच्या स्विचवर रासायनिक कुलूप बसतं. आणि टोकाची साखर गेलेल्या पेशी जास्त हलतात, सरकतात.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळा. 'ओ गटाच्या लोकांना धोका जास्त' असं मी म्हणत नाहीये. मुद्दा एवढाच की पेशी कर्करोगाकडे झुकते तेव्हा तिच्या कारागिरांचा ताफा बदलतो, आणि त्याची खूण पृष्ठभागावर दिसते.

धरलेले हात सुटतात

आता मामीच्या प्रश्नाच्या जवळ आलो. गालाच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. रोज भाकरी, शेंगदाणे, चकली यांचं घर्षण सोसायचं तर धरून राहावंच लागतं. हे हात म्हणजे 'ई-कॅढेरिन' नावाचं प्रथिन. या पेशीचं ई-कॅढेरिन शेजारणीच्या ई-कॅढेरिनला धरतं, कॅल्शियमच्या मदतीने.

या ई-कॅढेरिनवरही साखरेच्या साखळ्या असतात. निरोगी, नीट जुळलेल्या अस्तरात त्या मोजक्याच असतात. साखळ्या वाढल्या, त्यांना जास्त फांद्या फुटल्या की हात नीट जुळत नाहीत. हातात जाडजूड बोजड मोजे घालून कुणाचा हात धरायला गेलात तर पकड बसेल का? तसंच.

या साखळ्या तयार होण्याची पहिली पायरी 'डीपीएजीटी१' नावाचं एन्झाइम करतं. तिथून सुरुवात होऊन १४ साखरांचं एक झाड तयार होतं आणि ते अख्खं उचलून प्रथिनावर लावलं जातं. म्हणजे पहिल्याच पायरीचा नळ जास्त उघडला तर पुढे सगळीकडे पाणीच पाणी. बोस्टन विद्यापीठातल्या कुकुरुझिन्स्का यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की तोंडाच्या कर्करोगात हे एन्झाइम प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं, ई-कॅढेरिनवर जास्तीच्या साखळ्या चढतात आणि पेशींची एकमेकींवरची पकड ढिली होते. उलटं करून पाहिलं तेव्हा, म्हणजे कर्करोगाच्या पेशींमध्ये हे एन्झाइम थोडं कमी केलं तेव्हा, पकड परत सुधारली.

मला सगळ्यात जास्त धक्का इथे बसला. ई-कॅढेरिन नाहीसं झालेलं नव्हतं. ते तिथेच होतं. फक्त त्याच्यावर नको तेवढी साखर चढली होती.

'वाढा' हा निरोप

हात सुटले म्हणजे लगेच पेशी चालायला लागते असं नाही. तिला ढकलणारंही काहीतरी लागतं. पेशीच्या पृष्ठभागावर 'ईजीएफआर' नावाचा एक अँटेना असतो. बाहेरून वाढीचा निरोप आला की तो आत पोचवायचा हे त्याचं काम. डोकं आणि मानेच्या बहुतेक कर्करोगांत हा अँटेना गरजेपेक्षा जास्त असतो.

यावरही साखर! इथलं बरंच काम तैवानमधून आलंय, आणि त्याला कारण आहे. तिथेही सुपारी चघळायची मोठी सवय आहे आणि तोंडाचा कर्करोग ही तिथली मोठी डोकेदुखी आहे. तिथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'जीएएलएनटी२' नावाच्या एन्झाइमबद्दल दाखवलं की ते ईजीएफआरवरच्या साखरा बदलतं, त्याचं काम वाढवतं आणि तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी जास्त सरकतात, आजूबाजूच्या भागात घुसतात. पुढे २०१८ मध्ये 'सी१जीएएलटी१' या दुसऱ्या एन्झाइमची गोष्ट आली. ज्या रुग्णांच्या गाठीत हे जास्त, त्यांचं पुढचं आयुष्य कमी, असं दिसलं.

ओळख लपवणारी साखर

तिसरा भाग रोगप्रतिकार यंत्रणेचा. साखळीच्या टोकाला सायलिक ॲसिड असेल तर आपल्या पांढऱ्या पेशी त्याला 'घरचं माणूस' समजतात. त्यांच्यावर 'सिग्लेक' नावाचे रिसेप्टर असतात. सायलिक ॲसिड भेटलं की त्यातले बरेचसे 'शांत राहा' असा सिग्नल देतात. हे चांगलंच आहे, नाहीतर स्वतःवरच हल्ला होईल. पण कर्करोगाच्या पेशी याचाच फायदा घेतात आणि सायलिक ॲसिडचा जाड थर चढवून घेतात.

त्याच सायलिक ॲसिडला फ्यूकोजची जोड मिळाली की 'सायलिल लुईस' नावाची रचना होते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या 'ई-सिलेक्टिन' या हुकात अडकते. पांढऱ्या पेशी जखमेच्या जागी उतरतात त्या याच युक्तीने. रक्तात शिरलेली कर्करोगाची पेशी हेच तिकीट वापरून दुसऱ्या गावी उतरू शकते.

म्हणजे बघा: हात सोडवायला साखर, ढकलायला साखर, लपायला साखर, उतरायला साखर. कर्करोग नवीन काही शोधत नाही. घरातलीच हत्यारं चुकीच्या वेळी, चुकीच्या प्रमाणात वापरतो.

पण एक सांगायलाच हवं. ही एन्झाइम्स रोगाची सुरुवात करत नाहीत. सुरुवात तंबाखू, सुपारी, बिडी, दारू यांनी डीएनएची केलेली नासधूस. साखरेचे बदल त्या पुढच्या प्रवासातले आहेत. गाडी चोरली तंबाखूने. रस्ता मोकळा केला साखरेने.

मग मान कशाला कापली?

गालाच्या, जिभेच्या भागातलं लसिकेचं पाणी मानेतल्या गाठींकडे वाहतं. हात सुटलेली पेशी या प्रवाहाबरोबर पहिल्या थांब्यावर पोचते, तो थांबा म्हणजे मान. सुरुवातीला तिथे मूठभर पेशी असतात. त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत.

मग दिसत नसताना गाठी काढायच्या की दिसल्यावर काढायच्या? यावर डॉक्टरांमध्ये कित्येक वर्षं वाद होता. तो मिटवणारा मोठा पुरावा आपल्या मुंबईतून आला. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्या गटात रोग दिसला तरच. ५०० रुग्णांचे निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के.

मामी, हे तुमच्यासाठी. सर्जननी मान उगाच कापली नाही. ज्या दोन गाठी कुणाला दिसत नव्हत्या, त्या तेव्हाच निघाल्या.

मामांना नंतर रेडिएशनही घ्यावं लागलं. आता बरे आहेत. डावा हात खांद्याच्या वर नीट जात नाही, वेल्डिंगची मशीन मुलगा चालवतो. मामा खुर्ची टाकून बसतात आणि त्याच्या चुका काढतात. तेवढं चालतं.

औषध आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. एन्झाइम कळलंय ना, मग ते बंद करा!

आजच्या घडीला तोंडाच्या कर्करोगासाठी, साखर चिकटवणाऱ्या एन्झाइमला थेट बंद करणारं असं एकही मंजूर औषध नाही. कारण सोपं आहे. हेच कारागीर यकृतात, मेंदूत, रक्तात सगळीकडे कामाला आहेत. डीपीएजीटी१ थांबवणारं 'ट्युनिकामायसिन' नावाचं रसायन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वापरलं जातंय, पण ते निरोगी पेशींनाही मारतं. सगळे सर्व्हर बंद करून एक बग मिटवण्यासारखं.

मघाच्या सी१जीएएलटी१च्या कामात एक मजेशीर गोष्ट निघाली. इट्राकोनॅझोल, म्हणजे नायट्यासाठी वगैरे दिलं जाणारं बुरशीविरोधी औषध, या एन्झाइमला चिकटून ते कमी करतं. पण हे पेशींवर आणि उंदरांवर दिसलं आहे. मेडिकलमधून आणून खाऊ नका. यकृताला त्रास होऊ शकतो आणि दुसऱ्या औषधांशी त्याचं भांडण होतं.

साखरेचा एक धडा मात्र उपचारात थेट आलाय. ईजीएफआरला अडवणारं सेटक्सिमॅब हे औषध अमेरिकेत २००६ पासून डोकं-मानेच्या कर्करोगाला वापरतात. ते उंदराच्या पेशींमध्ये बनतं. त्या पेशींत असं एक साखर-एन्झाइम आहे, जे माणसात काम करत नाही. त्यामुळे औषधावर एक परकी साखर बसते. अमेरिकेच्या काही भागांत बऱ्याच रुग्णांना पहिल्याच डोसला जीवघेणी ॲलर्जी आली, आणि २००८ मध्ये कळलं की गुन्हेगार ती साखरच. म्हणजे रोग असो की औषध, वरची साखर तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साखर खाणं बंद करायचं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी आधीच पकडतो. चहातली साखर उडत जाऊन ई-कॅढेरिनवर बसत नाही. या साखळ्यांना लागणाऱ्या साखरा पेशी स्वतः बनवते. तुम्ही भात खाल्ला, भाकरी खाल्ली तरी बनवते. गोड कमी खाण्याची इतर चांगली कारणं आहेत, मधुमेह त्यातलं एक. पण गोड सोडलं आणि मावा चालू ठेवला तर काहीच साधलं नाही.

जगात २०२० मध्ये ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ७७ हजार नवे रुग्ण अंदाजले गेले. त्यातले सुमारे १ लाख ३५ हजार आपल्या देशातले. तीनातला एकाहून जास्त! महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा, खर्रा, मशेरी यांची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. आणि नुसती सुपारी, तंबाखू न घातलेली, तीसुद्धा कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर नोंदलेली आहे. 'मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो' याला अर्थ नाही.

म्हणून दोन मिनिटांचं काम देतो. आज दात घासल्यावर मोबाइलचा टॉर्च लावा आणि आरशात बघा. दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवडे न भरलेली जखम आहे का? उभी तीन बोटं तोंडात जात नाहीत, असं झालंय का? एकही 'हो' असेल तर गुलकंद नको, डेंटिस्ट गाठा. चट्टा म्हणजे कर्करोग असं नाही, पण ते तपासणारा ठरवेल, आपण नाही. सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्विटलाइनचा मोफत नंबर आहे. तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

मी लहानपणी मामांना किती पुड्या आणून दिल्या याचा हिशोब करून झालाय. काही उपयोग नाही त्याचा. पण दिवाळीतल्या त्या चार महिन्यांचा उपयोग आहे, तुम्हाला. कारण हात सुटायच्या आधीची वेळ आणि सुटल्यानंतरची वेळ, या दोन्हींत ऑपरेशनचा, रेडिएशनचा आणि पुढच्या आयुष्याचा फरक पडतो.

पुढच्या एपिसोडमध्ये रोगप्रतिकार यंत्रणेवरच बोलू, सिग्लेकबद्दल बरंच राहिलंय. प्रश्न पाठवत राहा. आणि हा एपिसोड घरातल्या त्या एका माणसाला नक्की पाठवा. कोण ते तुम्हाला माहीत आहे.

भेटूच. काळजी घ्या.